अंधार करण्यापूर्वी

घरात दूरचित्रवाणीचा संच असावा की नसावा, हा वाद एके काळी आपल्या धर्मग्रामांतून मोठ्या हिरिरीने होत असे. आता तो वाद मागे पडला आहे. संच तर घरोघर आहेच. शिवाय जवळजवळ प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. अशा वेळी काही कुटुंबे संच काढून टाकून त्याऐवजी छोटा प्रोजेक्टर घेऊ लागली आहेत. काही हजार रुपयांत मिळणारे हे यंत्र फळीवर ठेवावे, समोरच्या भिंतीवर किंवा ताणून बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर चित्र पाडावे आणि पाहून झाले की कपाटात ठेवून द्यावे. प्रश्न असा की, एका यंत्राच्या जागी दुसरे यंत्र आणल्याने कुटुंबाच्या जीवनात नैतिक असे काही बदलते काय? की ही केवळ एक नवी हौस?

या दोन यंत्रांची प्रकृती भिन्न आहे, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. संच स्वतः प्रकाशतो. भर दुपारी, दारे-खिडक्या सताड उघड्या असताना, कोणी पाहो वा न पाहो, तो चालू राहतो. प्रोजेक्टर भिंतीवर केवळ उजेड टाकू शकतो. काळा रंग त्याला टाकता येत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे जिथे उजेड पडलेला नाही अशी भिंत. म्हणून खोलीत जितका अंधार अधिक, तितके चित्र खुलते. या यंत्राला रात्रीची वाट पाहावी लागते. बीड जिल्ह्यात वैशाखात पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो. पत्र्याच्या घरात दारे-खिडक्या लावून बसणे केवळ अशक्य. तिथे प्रोजेक्टर अंगणातच यावयाचा, आणि अंगणात चादर बांधलेली दिसली की शेजारची मुलेही येऊन बसावयाची. काय पाहायचे, हे आधी ठरवावे लागते. पाहणे संपले की भिंत पुन्हा भिंत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे तोंड करून कोणी बसत नाही.

कापड पसरावे आणि त्याच्यासमोर जमावे, ही रीत आपल्या भूमीला नवी नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर आकृत्यांसह आपले तत्त्वचिंतन लिहून ठेवले. ती पसरल्याखेरीज वाचता येत नाही. उजेडाने चित्र पाडण्याची कलाही जुनीच आहे. येशूसंघीय धर्मगुरू अथानासिअस किर्चर यांच्या ग्रंथाच्या १६७१ सालच्या आवृत्तीत जादूच्या कंदिलाचे सचित्र वर्णन आढळते. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने, काचेवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर पाडून कथा दाखवण्यास प्रारंभ केला. पुढे जत्राजत्रांतून तंबूतला सिनेमा आला. या सर्वांत एक गोष्ट समान होती: माणसे जमल्याखेरीज खेळ सुरू होत नसे.

दादासाहेब फाळके यांची हकीकत तर आपल्याला विशेष जवळची वाटावी. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून त्यांच्या मनात भारतीय चित्रपटाची कल्पना जागी झाली आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. ख्रिस्ताचा तो चित्रपट पाहून फाळके एकटेच त्या आनंदात राहिले नाहीत. ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा तोच खेळ पाहावयास गेले. पुढे फिल्मला छिद्रे पाडण्यापासून चित्रीकरणासाठी जमलेल्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत कितीतरी कामे या माउलीने केली. या स्वयंपाकाकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

यावर कोणी म्हणेल, माणसांना जमवण्याचे काम दूरचित्रवाणीनेही केलेच की! ते खरेच आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की गल्लीतला एकुलता एक संच सर्वांचा होई. परंतु माणसांना जमवत होती ती त्या संचाची दुर्मिळता. संच स्वस्त झाले, वाहिन्या वाढल्या आणि माणसे आपापल्या खोल्यांत पांगली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी ‘दूरचित्रवाणी आणि कुटुंब’ हाच विषय निवडला होता. मुलांनी काय व किती वेळ पाहावे हे पालकांनी ठरवावे, आणि प्रसंगी संच सरळ बंद करावा, असे त्यांनी त्यात सुचवले होते. प्रोजेक्टरही उद्या आणखी स्वस्त होईल. शिवाय तो जोडायचा मोबाईललाच. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होणारच. तेव्हा केवळ यंत्र बदलल्याने घर सुधारेल, या भ्रमात कोणी राहू नये.

मग या यंत्राचे महत्त्व कशात? माझ्या मते, ते त्याला लागणाऱ्या अंधारात आहे. संच चालू असताना घरातली गृहिणी भाजी निवडता निवडता, मुलाला भरवता भरवता अर्धे-मुर्धे का होईना पाहत असते. तिला आपण सर्वांसोबत बसवले आहे, असे समाधान बाकीचे करून घेतात. अंधाऱ्या खोलीत भाजी निवडता येत नाही. तिथे दोनच मार्ग उरतात: एक तर तिचे काम आटोपेपर्यंत सर्वांनी थांबावे, किंवा तिला स्वयंपाकघरातल्या उजेडात ठेवून बाकीच्यांनी दार लोटून घ्यावे. संचाने जो अन्याय झाकून ठेवला होता, तो प्रोजेक्टर उघडा पाडतो.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. श्रम मोजताना दोघे मिळून एक. पण दिवसभर उसाच्या फडात राबून कोपीवर परतल्यानंतर चूल पेटवते ती बहुधा बाईच. कित्येकांची मुले तेवढे महिने गावी आजी-आजोबांजवळ असतात. हंगाम संपवून आई-वडील परततात तेव्हा कुटुंब पुन्हा एका छताखाली येते. अशा घरी प्रोजेक्टर कुठला, असे कोणी विचारील. नसेना का! पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला एक मोबाईल सर्वांनी मिळून पाहावयाचा असेल, तरी प्रश्न तोच आहे. इतके महिने जी माय मुलांना दिसली नाही, ती भांडी घासत असताना आपण पाहावयास बसायचे का?

आपल्याकडच्या पंगतीने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. सर्वांच्या पानात वाढून झाल्याखेरीज पहिला घास कोणी उचलत नाही. भूक लागलेली असते, अन्न समोर असते, तरीही हात थांबतो. त्या थांबण्यातच शेजाऱ्याचा मान आहे. मात्र याच पंगतीत वाढणारी शेवटी जेवते, हाही आपला जुना दोष आहे; तो नव्या पडद्यासमोर तरी चालू राहू नये. एकत्र पाहणे म्हणजे एकाच भिंतीकडे तोंड करून बसणे नव्हे. ज्याचे काम उरले आहे त्याच्यासाठी थांबणे, आणि नुसते थांबण्यापेक्षा उठून त्याच्या कामाला हात लावणे, हा त्याचा आरंभ आहे.

म्हणून ज्या कुटुंबांना संचाऐवजी प्रोजेक्टर घ्यावयाचा असेल त्यांनी तो खुशाल घ्यावा. चित्र किती मोठे दिसते याची चौकशीही करावी. पण दिवा मालवण्यापूर्वी एकदा घरावर नजर फिरवावी. कोण आलेले नाही? आजोबांची खाट जवळ ओढली का? स्वयंपाकघरात अजून नळ वाहतो आहे का? वाहत असेल तर मुलांपैकी एकाने भांडी विसळावीत, वडिलांनी ओटा पुसावा. पाहणे अर्धा तास उशिरा सुरू होईल, एखादा भाग पाहावयाचा राहील. राहू द्यावा. सर्व जण येऊन बसले म्हणजे मग अंधार करावा.