होडीचा तळ आणि अवयवीचा प्रश्न

थीसियसच्या तीस वल्ह्यांच्या नौकेची जीर्ण फळी काढून तिच्या जागी नवी बसवीत अथेन्सकरांनी ती कित्येक पिढ्या जतन केली, आणि तेव्हापासून ती नौका तीच की निराळी, याविषयी तत्त्वज्ञांत दोन तट पडले, असे प्लुटार्कने नमूद करून ठेवले आहे. ह्या वादाची सारी मदार सुट्या काढता येणाऱ्या फळीवर आहे. परंतु कोकणच्या बंदरांतून आज दिसणाऱ्या फायबरच्या होडीला फळीच नाही. तिचा तळ म्हणजे काचतंतू व रेझिन यांचे एकसंध कवच, आणि खडकावर आदळून त्यास भोक पडले म्हणजे हा जुना प्रश्न निराळ्याच रूपाने उभा राहतो.

कारण भोकाएवढे ठिगळ लावून येथे भागत नाही. कारागीर प्रथम ग्राइंडरने भोकाभोवतालचा धडधाकट भागही घासून काढतो. तळाची जाडी 6 मिलिमीटर असेल तर कडेपासून सुमारे 72 मिलिमीटरपर्यंत, बारास एक या प्रमाणात, त्यास बशीसारखा उतार देतो, आणि मग रेझिनमध्ये भिजवलेल्या मॅटचे थर, रोलरने बुडबुडे दाबून काढीत, एकावर एक चढवतो. एवढा खटाटोप अशासाठी की, एकदा आळलेले रेझिन पुन्हा वितळत नाही व नव्याशी त्याचा रासायनिक संयोगही फारसा होत नाही. नवे जुन्याला केवळ धरून राहते, आणि त्या पकडीला क्षेत्र जितके अधिक तितके बळ अधिक. तळ ओलसर असला तर तीही पकड सुटते. वरून जेलकोटचा हात फिरला की सांधा दिसेनासा होतो, पण आत तो अखेरपर्यंत सांधाच असतो.

अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली वस्तू, एक अवयव जाताच संपते, एक तंतू काढताच जुना पट नष्ट होऊन खंडपट, म्हणजे उरलेल्या तंतूंचा निराळा पट, उत्पन्न होतो, असे मानणाऱ्या न्याय-वैशेषिकांच्या मते ग्राइंडर टेकताक्षणीच जुनी होडी संपली. ह्या निर्भीड तर्काविषयी मला आदर आहे. मात्र त्याबरहुकूम चालावयाचे तर बंदर-कचेरीतील कारकुनास दर दुरुस्तीला नवा दाखला लिहावा लागेल, आणि एक दाखला मिळण्यास किती खेटे पडतात हे नाखव्यांना ठाऊक आहे. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तिन्ही एकाच सत् वस्तूत पाहणारे जैन आचार्य उमास्वाती मला अधिक जवळचे वाटतात. घासून निघालेली भुकटी हा व्यय, नवा थर हा उत्पाद. ध्रौव्य, म्हणजे टिकून राहणारे, कोठे, असे विचारल्यास न घासलेला भाग दाखवावासा वाटतो, परंतु पुढच्या एखाद्या आघातात तोही जाईल. म्हणून मी त्या उताराकडेच बोट दाखवीन, जेथे जुने क्रमाक्रमाने विरळ होते, नवे त्याच क्रमाने दाट होते, आणि मधल्या प्रत्येक बिंदूवर दोन्ही हजर असतात. जैन पंडितांस हे रुचेल अशी मात्र मला खात्री नाही, कारण त्यांचे ध्रौव्य द्रव्याचे आहे व माझे केवळ सांध्याचे.