शेवटची वेचणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव भागात जानेवारी महिना कापूसवाल्यांची परीक्षा घेतो. दोन-तीन वेचण्या झालेल्या असतात, पऱ्हाटीच्या शेंड्याला अजून बोंडे असतात, आणि उलंगवाडी करून शेत मोकळे करायचे की पीक उभे ठेवून फरदड घ्यायची, हे ठरवायचे असते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतात की डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत, पीक संपवा. नाहीतर गुलाबी बोंडअळीची पुढच्या हंगामापर्यंत सोय होते. २०२५ च्या खरिपात हा सल्ला पाळणे आणखी जड गेले. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत अनेक शेतांतली खालची बोंडे सडली आणि सारी भिस्त उशिरा धरलेल्या वरच्या बोंडांवर आली. खालचा संवाद त्या हंगामातल्या, एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना शेती करणाऱ्या दीर-भावजयीचा आहे. माणसे कल्पित आहेत. पेच गावोगावचा आहे.

दीर : वहिनी, मी डिसेंबरातच पऱ्हाटी उपटली आणि गहू पेरला. तुमची अजून उभी आहे.

भावजय : उभी आहे, कारण तिच्यावर बोंडं आहेत, भाऊजी. सीतादहीची पूजा करून पहिल्या वेचणीला लागलो, तेव्हा हाती काय आलं? काळवंडलेला, ओला कापूस. औंदाचं माझं खरं पीक हेच आहे. याला फरदड तरी कसं म्हणू?

दीर : एक बोंड फोडून बघू. हे घ्या. बाहेरून हिरवं, साबूत, कुठं छिद्र दिसत नाही. आत चार कप्पे. दोन पांढरे, एक पिवळा पडून त्याची कवडी झालेली, आणि चौथ्यात सरकी पोखरून बसलेली ही गुलाबी अळी. अंड्यातून निघाली की ती बोंडात शिरते, आत गेल्याचं छिद्र बुजून जातं. मग वरून कितीही फवारलं तरी औषध तिच्यापर्यंत जात नाही.

भावजय : दोन कप्पे पांढरे आहेत ना? तुमची नजर अळीवर गेली, माझी त्या दोन कप्प्यांवर. दोघांनाही खरंच दिसतंय.

दीर : ही अळी आता सुस्त होऊन सरकीत, वाळल्या बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात पडून राहील. मृगाचा पाऊस झाला की पतंग होऊन बाहेर पडेल. तिचा गुजारा मुख्यतः कापसावरच होतो. म्हणून चार-पाच महिने शिवारात कापूस नसला, तर तिची साखळी तुटते. तो खंड पडावा एवढंच मागणं आहे.

भावजय : मागणं लहान वाटतं, कारण ते माझ्या शेतातून जाणार आहे. माझं नुकसान आजचं आहे, किलोत मोजून सांगता येतं. तुमचं नुकसान पुढच्या वर्षीचं, तेही झालं तर. आणि जुलैत तुमच्या शेतात आलेला पतंग माझ्याच पऱ्हाटीतला, हे कोण ठरवणार?

दीर : कोणीच नाही. २०१७ ला हेच झालं. २००२ ला बीटी आली, २००६ ला दोन जनुकांची बीटी आली, आणि आता बोंडअळी गेली असं आपण धरून चाललो. २०१७ ला बोंडं फोडावी तिथं गुलाबी अळी. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला. आपल्याच जिल्ह्यात त्या साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. ती अळी कुणाच्या शेतातून आली, याचं उत्तर तेव्हाही मिळालं नाही. पण एका माणसावर बोट ठेवता येत नाही म्हणून कुणीच जबाबदार नाही, असं होत नाही. ती जबाबदारी सगळ्यांत वाटली जाते.

भावजय : वाटली जाते, पण सारखी नाही. शेतीशाळेत ऐकलेलं सांगते. बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची वेगळी पुडी यायची, अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून. ती लावायची कशाला, हे दुकानदारानं कधी सांगितलं? आपल्याकडं बीटी आली ती संकरित वाणांत. त्या बोंडात काही सरक्या विषाच्या, काही बिनविषाच्या, आणि त्यांतूनच अळीचा प्रतिकार वाढत गेला. ते वाण मी काढले नाहीत. जिनिंगच्या आवारात उन्हाळाभर सरकी पडून असते, तिथूनही पतंग निघतात. एवढ्या सगळ्यांना सोडून जाब मात्र मला, कारण माझं शेत तुम्हाला रोज दिसतं.

दीर : दोष कुणाचा आणि आज ते थांबवणं कुणाच्या हातात, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिल्यात तुमचा वाटा फार थोडा आहे. दुसऱ्यात बराच आहे.

भावजय : ठीक आहे, दुसराच घेऊ. समजा मी उद्या पऱ्हाटी उपटली आणि बाकीची शेतं तशीच उभी राहिली. माझा कापूस गेला आणि अळी राहिली. ज्यानं कुणाचंच भलं झालं नाही, त्याला कर्तव्य म्हणायचं की नुसतं नुकसान?

दीर : हेच वाक्य गावात प्रत्येकाच्या तोंडी आहे, वहिनी. म्हणून तर प्रत्येकाच्या शेतात पऱ्हाटी आहे. कुणीतरी आधी थांबल्याशिवाय ही गाठ सुटायची नाही.

भावजय : कुणीतरी म्हणजे कोण? तुम्ही आधी थांबलात, खरं आहे. पण तुमच्याकडं विहीर आहे. पऱ्हाटी निघाली आणि तिच्या जागी गहू उभा राहिला. तुमच्या थांबण्यात तुमचाच फायदा होता. माझं कोरडवाहू. मी उपटली की जूनपर्यंत जमीन उघडी. तोच नियम तुम्हाला दुसरं पीक देतो आणि माझं हातचं काढून घेतो.

दीर : हे बरोबर आहे. मी केलं ते योग्य होतं, पण त्याला त्याग म्हणता येणार नाही. तरीही हिशेब करून बघा. शेवटच्या वेचणीत बोंडं लहान, कवडी जास्त. बाया दिवसभर वाकतात तरी किलो भरत नाहीत, आणि मजुरी किलोवर. औंदा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल आहे, पण हा डागी कापूस सीसीआयच्या खरेदी केंद्रावर त्या भावात बसणार नाही. व्यापारी म्हणेल तो भाव. मजुरी जाऊन हाती किती उरतं?

भावजय : थोडंच उरतं. पण थोडं आणि काहीच नाही, यांच्या मधल्या जागेतच माझं घर चालतं. आणि त्या बायांचं काय? कापूस संपला की हरभरा सोंगायला येईपर्यंत त्यांच्या हाताला काम नाही. तुमच्या हिशेबात त्यांचा रकाना नाही.

दीर : नाही, आणि तो असायला हवा. पण सगळे एकदम थांबले तर काय होतं, तेही बघा. अमेरिकेत या अळीनं दक्षिणेकडच्या राज्यांत अनेक वर्षं धुमाकूळ घातला. ॲरिझोनासारख्या ठिकाणी पऱ्हाटी कापून जमिनीत गाडायची शेवटची तारीख कायद्यानं ठरवली. बीटी होतीच, सोबत कामगंध लावले, वांझ पतंग सोडले. खर्च शेतकऱ्यांनी आणि सरकारनं मिळून उचलला. २०१८ मध्ये त्यांनी अळी संपल्याचं जाहीर केलं.

भावजय : त्यांची शेतं मोठी, आपली दोन-चार एकरांची. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तारीख सगळ्यांना एक होती आणि खर्चही सगळ्यांचा होता. आपल्या गावात तारीख तेवढी येते. खर्च ज्याचा त्यानं बघायचा.

दीर : मग सुरुवात खर्चापासून करू. माझ्या विहिरीचं पाणी गव्हाला पुरून उरतं. तुमच्या दोन एकरांत उन्हाळी तीळ होईल. पाइप मी टाकतो. तुम्ही वेळेत थांबलात तर पुढच्या वर्षी माझी कपाशी वाचणार आहे, म्हणजे त्या फायद्यातला वाटा मी आज देणं लागतो.

भावजय : देणं म्हणून देत असाल तर घेईन, उपकार म्हणून नाही. आता माझं ऐका. फुटलेला कापूस याच आठवड्यात वेचून घेते, त्याच बायांकडून. मजुरी त्यांना मिळेल, आणि तिळाची निंदणीही त्यांच्याकडंच राहील. वेचणी झाली की धनगराची मेंढरं शेतात सोडते, राहिलेली बोंडं ती खाऊन टाकतील. पऱ्हाटी घरामागं रचणार नाही, तिची कुट्टी करून शेतातच कुजवते. चुलीला औंदा तुराट्या पुरतील.

दीर : आणि बाकीची शेतं?

भावजय : तुम्ही एकटे सांगायला गेलात तर तो विहीरवाल्याचा उपदेश होईल. मी एकटी गेले तर म्हणतील, हिला पाणी मिळालं म्हणून बोलते. दोघं मिळून जाऊ, आणि ज्याच्याकडं पाणी नाही त्याला काय देता येईल, तेही ठरवून जाऊ.

इथपर्यंत दोघे आले, ते कुणी हरले म्हणून नव्हे. अळीबद्दल दिराचे म्हणणे पूर्ण खरे आहे : शिवारात खंड पाडल्याशिवाय गुलाबी बोंडअळी आटोक्यात येणार नाही, आणि जानेवारीनंतर उभी राहिलेली प्रत्येक पऱ्हाटी पुढच्या हंगामाला महाग पडते. भावजयीचे म्हणणेही तेवढेच खरे आहे : एकच कर्तव्य सगळ्यांवर असले तरी ते पाळायला प्रत्येकाला सारखी किंमत पडत नाही. ज्याला ते फुकटात पाळता येते, त्याने दुसऱ्याच्या पदरमोडीवर नैतिकतेचे धडे देऊ नयेत. सर्वांच्या भल्यासाठी एखाद्याला थांबवायचे असेल, तर त्याच्या थांबण्याचा भार सर्वांनी उचलायला हवा. त्यानंतरच त्याला नियम सांगण्याचा हक्क आपल्याला मिळतो.

म्हणून कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक गावाने पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवाव्यात. उलंगवाडीची एक तारीख, जी २०२५ सारख्या साली पुढे सरकवायची झाली तर सगळ्यांसाठी एकदमच सरकेल. कोरडवाहू शेतकऱ्याला त्या तारखेनंतर कुणाचे पाणी मिळणार, याची नावानिशी यादी. आणि वेचणाऱ्या बायांना त्या दिवसांत कोणते काम मिळणार, याची तजवीज. पऱ्हाटी कुटण्याचे यंत्र आणि उन्हाळी पिकाचे बियाणे सरकारने द्यावे; सल्ल्याची पत्रके खूप झाली. आणि ही व्यवस्था होईपर्यंत, धुऱ्यापलीकडच्या उभ्या पऱ्हाटीकडे बोट दाखवण्याआधी, विहीर असलेल्याने आपला पाइप तिकडे वळवावा.