गळाची स्पर्धा आणि दानाचे पुण्य

इंग्लंडमध्ये नदीकाठी गळाने मासे पकडण्याच्या स्पर्धांना कामगारवस्त्यांतून वाढलेली दीर्घ परंपरा आहे, आणि अशी स्पर्धा भरवून तिचे उत्पन्न हॉस्पिसला, म्हणजे असाध्य रुग्णांची अखेरच्या काळात शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला, किंवा अन्य एखाद्या धर्मादाय कार्याला देण्याची प्रथाही तेथे रुजलेली आहे. अशा स्पर्धेत उतरलेला मनुष्य एकाच दिवशी खेळतो, एका सजीवाला गळाला लावतो आणि दानही देतो. व्यवहारात या तिन्ही कृती एकमेकींत इतक्या मिसळून जातात की त्यांचा निवाडाही एकत्रच केला जातो, आणि दान निर्विवाद चांगले असल्यामुळे उरलेल्या दोन कृतींची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. परंतु एखाद्या कृतीच्या शेवटी दान असले म्हणजे त्या कृतीचे नैतिक स्वरूप बदलते काय, हा प्रश्न धर्मचिंतनात जुना आहे, आणि भारतीय परंपरेने तर तो विचारताना मासे मारणाऱ्याचेच उदाहरण घेतलेले आहे.

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी स्पर्धेची रीत पाहणे आवश्यक आहे. ट्रेंट, सेव्हर्न किंवा टेम्स यांसारख्या नदीच्या काठावर ठरावीक अंतराने क्रमांकित जागा आखलेल्या असतात. त्यांना ‘पेग’ म्हणतात, आणि कोणाला कोणता पेग मिळणार हे सकाळी चिठ्ठ्या काढून ठरते. इशारा झाल्यावर स्पर्धक पाण्यात आमिष फेकून मासे जवळ आणतात आणि माशीची अळी टोचलेल्या बारीक गळाने रोच, ब्रीम, चब अशा जातींचे मासे पकडतात. पकडलेला मासा स्पर्धा संपेपर्यंत ‘कीपनेट’ नावाच्या, पाण्यात सोडलेल्या लांब जाळीच्या पिशवीत ठेवला जातो. ही जाळी किमान २ मीटर लांब आणि बिनगाठींची असावी, म्हणजे माशांचे खवले घासून निघू नयेत, असा नियम आहे. वेळ संपली की काटा आणि वही घेतलेले पंच एका पेगवरून दुसऱ्या पेगवर जातात, प्रत्येक स्पर्धक आपली जाळी उचलून त्यातले मासे वजनाच्या ओल्या झोळीत ओततो, आकडा वहीत लिहिला जातो आणि लगेच सर्व मासे नदीत परत सोडले जातात. येथे मासा खाल्ला जात नाही, विकला जात नाही आणि शक्यतो मरूही दिला जात नाही; त्याच्याकडून हवे असते ते केवळ त्याचे वजन, आणि तेही दुसऱ्या स्पर्धकाच्या वजनाशी तुलना करण्यापुरते.

माशाला या सगळ्यात वेदना होते काय, हा प्रश्न आता केवळ तर्काचा राहिलेला नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली रेनबो ट्राउट या माशावर केलेल्या प्रयोगांत त्याच्या डोक्यावर आणि ओठांभोवती इजेला प्रतिसाद देणाऱ्या चेतातंतूंची अग्रे आढळली. ओठांत सौम्य आम्ल टोचल्यावर मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि बराच काळ त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. याउलट जेम्स रोझ यांनी २००२ साली असे प्रतिपादन केले की वेदनेच्या जाणिवेसाठी नवमस्तिष्क, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा बाह्य थर, आवश्यक असतो आणि तो माशांत नसल्यामुळे त्यांची हालचाल ही जाणीवरहित प्रतिक्रिया मानावी. वाद मिटलेला नाही. तथापि ज्याच्या वेदनेविषयी गंभीर शक्यता शिल्लक आहे अशा जिवाबाबत संशयाचा फायदा खेळणाऱ्याने स्वतःकडे ओढावा की त्या जिवाला द्यावा, हा निर्णय प्रयोगशाळा करून देऊ शकत नाही, कारण तो मुळातच नैतिक निर्णय आहे.

युरोपातील कायद्यांनीही या निर्णयाची उत्तरे परस्परविरोधी दिली आहेत. इंग्लंड आणि वेल्स यांना लागू असलेल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने मासेमारीच्या नेहमीच्या ओघात जे घडते ते आपल्या कक्षेबाहेर ठेवले, आणि २०२२ च्या कायद्याने मात्र सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांना, अर्थात माशांनाही, संवेदनशील मानले. जर्मनीच्या १९७२ च्या प्राणिसंरक्षण कायद्याचे मूलतत्त्व असे की वाजवी कारणावाचून कोणीही प्राण्याला वेदना, यातना किंवा इजा पोहोचवू नये. खाण्यासाठी मासा पकडणे हे तेथे वाजवी कारण मानले जाते, परंतु केवळ चढाओढीसाठी पकडणे सामान्यतः तसे मानले जात नाही. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या नियमावलीत परत सोडण्याच्याच हेतूने गळ टाकण्यास मनाई केली. ज्या सोडून देण्याला इंग्रज स्पर्धक दया समजतो तेच स्विस कायद्याला दोषाचे लक्षण वाटते, कारण मासा सोडायचाच होता तर त्याला पकडण्याचे कारण खेळणाऱ्याच्या आनंदाखेरीज दुसरे काय होते, असे त्या कायद्याचे विचारणे आहे. धर्मादाय स्पर्धेकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते: कारण आहे, आणि ते रुग्णाची सेवा हे आहे. हे उत्तर कितपत टिकते ते आता पाहावयाचे आहे.

ज्या ख्रिस्ती समाजात ही प्रथा वाढली त्याच्या नीतिशास्त्रात अशा प्रसंगासाठी ‘द्विपरिणामाचा सिद्धांत’ उपलब्ध आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्विनास यांच्या आत्मरक्षणाच्या विवेचनातून विकसित झालेल्या या सिद्धांतानुसार, एकाच कृतीचे चांगला आणि वाईट असे दोन परिणाम होत असतील तर ती कृती क्षम्य ठरू शकते. मात्र वाईट परिणाम हा हेतू असता कामा नये, आणि चांगल्या परिणामापर्यंत पोहोचण्याचे साधनही तो असता कामा नये. स्पर्धेत माशाला गळ लागणे हा दानाचा दुर्दैवी आनुषंगिक परिणाम नाही. मासा गळाला लागला नाही तर स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही तर निधी नाही, म्हणजे ती इजा हेच साधन आहे. चांगले घडावे म्हणून वाईट करावे ही भूमिका संत पॉल यांनी रोमकरांना लिहिलेल्या पत्रात नाकारलेली आहे. म्हणून या परंपरेत राहून स्पर्धेचे समर्थन करावयाचे झाल्यास माशाची इजा ही मुळात वाईटच नाही असे सिद्ध करावे लागेल. दानाचा दाखला देऊन ते काम होत नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांतील साधनपाद आणि त्यावरील व्यासभाष्य यांत हाच प्रश्न अधिक सूक्ष्मपणे हाताळलेला आहे. जाती, देश, काल आणि समय यांनी मर्यादित न झालेली अहिंसा म्हणजे महाव्रत, असे एकतिसावे सूत्र सांगते, आणि भाष्यकार चारही मर्यादांची उदाहरणे देतो. मासे मारणारा आपली हिंसा माशांपुरतीच ठेवतो, ही जातीची मर्यादा. तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही, ही देशाची. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीच्या श्रद्धेने जपलेले मासे हे तिचे प्रत्यक्ष उदाहरण होय. चतुर्दशीला किंवा पुण्यदिनी मारणार नाही, ही कालाची. महाराष्ट्रातील अनेक घरांत श्रावणात मासे वर्ज्य असतात ते याच प्रकारचे, आणि इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात विणीसाठी असलेली बंदी, जिचा उगम १८७८ च्या मंडेला कायद्यात आहे, तीही हेतू वेगळा असला तरी रचनेने तशीच आहे. समय म्हणजे येथे प्रयोजनाची अट: देवब्राह्मणांसाठीच मारीन, एरवी नाही, असा संकल्प भाष्यकार सांगतो. देवब्राह्मणांच्या जागी हॉस्पिस ठेवले की धर्मादाय स्पर्धा या चौथ्या मर्यादेत नेमकी बसते.

या चार मर्यादांचे मोल भाष्यकार नाकारत नाही. त्या पाळणारा न पाळणाऱ्यापेक्षा काही अंशी अहिंसक असतोच. परंतु पहिल्या तिन्हींपेक्षा चौथी मर्यादा स्वभावाने वेगळी आहे. तीर्थावर किंवा पुण्यदिनी न मारणारा मनुष्य इतरत्र आणि इतर दिवशी मारतो, पण त्या मारण्याला पुण्य म्हणत नाही. प्रयोजनाची मर्यादा मात्र हिंसेला आवर घालता घालता तिला प्रतिष्ठाही देते. चौतिसाव्या सूत्रात हिंसेची मुळे लोभ, क्रोध आणि मोह अशी तीन सांगितली आहेत, आणि त्यांचा उलगडा करताना भाष्यकार म्हणतो की मांस आणि कातडे यांसाठी केलेली हिंसा लोभाची, अपकाराच्या भावनेने केलेली क्रोधाची, आणि यातून आपल्याला धर्म घडेल या समजुतीने केलेली मोहाची. पोट भरण्यासाठी जाळे टाकणाऱ्याला निदान आपण काय करतो हे ठाऊक असते. पुण्यासाठी गळ टाकणाऱ्याला ते ठाऊक नसण्याचा संभव अधिक, म्हणूनच मोहाला वेगळे नाव द्यावे लागले. त्याच सूत्रात हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमतीने उचलून धरलेली, असेही भेद आहेत; त्यानुसार स्पर्धकाबरोबरच बक्षिसे पुरवणारा प्रायोजक, काठावर टाळ्या वाजवणारा प्रेक्षक आणि निधी स्वीकारणारी संस्थाही या विचाराच्या कक्षेत येते.

दानाच्या बाजूने पाहिले तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात देणे हे कर्तव्य आहे अशा बुद्धीने, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, काळी आणि पात्राला दिलेले दान सात्त्विक, तर प्रत्युपकाराची किंवा फळाची अपेक्षा ठेवून दिलेले दान राजस म्हटले आहे. स्पर्धेच्या प्रवेशशुल्काला ही कसोटी लावताना एकच विचारावे: स्पर्धा रद्द झाली तर स्पर्धक तेवढीच रक्कम संस्थेला देईल काय? देणार असेल तर त्याचे दान मासेमारीवाचून पूर्ण आहे, आणि मासेमारी हा निव्वळ खेळ म्हणून स्वतंत्रपणे तपासावा लागेल. देणार नसेल तर ती रक्कम मुख्यतः खेळाची किंमत होती आणि दान तिच्या सोबतीने घडले. दोन्ही पक्षी माशाच्या इजेचे समर्थन दानातून निघत नाही. याचा अर्थ संस्थेला मिळालेला पैसा निरुपयोगी ठरतो असा नव्हे. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकेचा पगार त्यातून खरोखरच निघतो, आणि राजस दानाचाही घेणाऱ्याला उपयोग होतोच.

या विवेचनावरील सर्वांत भक्कम आक्षेप दानाचा आधार न घेता नदीचा आधार घेतो. गळ टाकणाऱ्या लोकांनी इंग्लंडच्या नद्यांसाठी जे केले ते अहिंसेचे पाठ देणाऱ्या अनेकांनी केलेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास डर्बीशायरमधील गळवाल्यांच्या संघटनेने डर्वेंट नदी दूषित करणाऱ्या ब्रिटिश सेलनीज कंपनीविरुद्ध, सांडपाणी सोडणाऱ्या डर्बी नगरपालिकेविरुद्ध आणि ऊन पाणी सोडणाऱ्या वीजमंडळाविरुद्ध दावा लावला आणि प्रदूषणाविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. एकेका माशाला इजा करणाऱ्यांनी माशांच्या सबंध वस्तीला वाचवले, हा विरोधाभास टाळता येणार नाही, आणि नदीशी नाते जडल्याशिवाय तिच्यासाठी कोणी न्यायालयाची पायरी चढत नाही हेही मान्य करावे लागते. मात्र या आक्षेपातून जे सिद्ध होते ते नदीकाठच्या सहवासाचे मोल, चढाओढीचे नव्हे. एकटा बसून गळ टाकणारा मनुष्य मासा हाती येताच सोडू शकतो, पण स्पर्धकाला तो तासन्‌तास जाळीत ठेवावा लागतो, कारण आकडा सिद्ध करावयाचा असतो. प्रत्येक मासा पकडताक्षणी तोलून किंवा मोजून सोडला आणि गळाला उलटे टोक ठेवले नाही तर इजेचा बराच भाग कमी होतो, आणि हे बदल स्पर्धेच्या चौकटीतही शक्य आहेत.

महाव्रत हे योग्याचे व्रत आहे. ते प्रत्येक गृहस्थाने पाळावे अशी अपेक्षा भाष्यकारालाही नसावी, आणि शेती, प्रवास, औषध यांतून होणाऱ्या हिंसेपासून कोणाचीही पूर्ण सुटका नाही. असे असताना त्या व्रताचा सामान्य मनुष्याला उपयोग इतकाच की त्याच्या शेजारी ठेवल्यावर आपली मर्यादा ही मर्यादाच आहे, पुण्य नव्हे, हे स्पष्ट दिसते. मला या खेळात आनंद वाटतो म्हणून मी गळ टाकतो आणि रुग्णांची सेवा व्हावी म्हणून मी पैसे देतो, असे दोन वेगळ्या वाक्यांत म्हणणारा स्पर्धक निर्दोष ठरत नाही, पण तो मोहातून बाहेर आलेला असतो, आणि आनंदासाठी किती इजा करणे योग्य हा प्रश्न त्याच्यापुढे उघडा राहतो. रुग्णांसाठी मी मासे पकडतो, असे एकाच वाक्यात म्हणणाऱ्याला तो प्रश्न पडण्याचे कारणच उरत नाही. म्हणून दानाच्या निमित्ताने भरणाऱ्या स्पर्धेत इतर स्पर्धांहून अधिक काटेकोर आत्मपरीक्षण अपेक्षिले पाहिजे.