न पाहण्याचें मोल

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोलाडचा नाका लागतो. तेथून एक फाटा रोह्यास जातो. कुंडलिका जवळूनच वाहते. हमरस्ता मात्र तसाच पुढें माणगांवास पोंचतो, आणि तेथून वळलें कीं म्हसळा, दिघी, श्रीवर्धन हा समुद्राकडील मुलूख लागतो. परवां या नाक्यावर चहासाठीं उतरलों असतां, ताडपत्री घट्ट आवळलेल्या, मुंबईकडे जाणाऱ्या मालमोटारी आम्ही बराच वेळ पाहत उभे होतों. आंत काय आहे हें विचारण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. ज्यास तो होता अशा एका माणसाची आठवण मात्र झाली.

९ जानेवारी १९९३ च्या रात्रीं दिघीस उतरलेला चोरटा माल घेऊन निघालेल्या गाड्या श्रीवर्धनचे फौजदार विजय पाटील व त्यांचे शिपाई यांनीं गोंडघर फाट्यावर अडविल्या. अडविल्या आणि सोडिल्या. लाच ठरली, रोकड अपुरी पडली म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवण्यांत आल्या. त्या मालांत हत्यारें होतीं. पुढें फेब्रुवारींत शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलें, आणि १२ मार्च रोजीं मुंबईंत बारा ठिकाणीं स्फोट होऊन २५७ माणसें मेलीं, ७१३ जखमी झालीं. २००७ सालीं टाडा न्यायालयानें फौजदारांस जन्मठेप दिली. कस्टम्सचे एक वरिष्ठ अधिकारी सोमनाथ थापा यांसही तीच शिक्षा झाली.

आतां कोणी म्हणेल, कटवाला तो, ज्यानें बेत रचला. फौजदारास चांदी दिसली, चांदीचीच लाच त्यानें खाल्ली. अडीचशे प्रेतांचें ओझें त्याच्या माथीं कां? न्यायासनास हें पटलें नाहीं हें उघडच आहे. पण घटकाभर तें खरें मानून चालूं. वाटाड्यानें अंधारांत नकळत भलती वाट दाखविली, तर तें अज्ञान त्याच्यावर ओढवलेलें असतें. येथें तें विकलेलें आहे. लाच म्हणजे दुसरें काय? ताडपत्री न उचलण्याचें मोल. जें अज्ञान विकून पैसा केला, तेंच पुढें बचाव म्हणून कसें मांडतां येईल? आणि दिवस तरी कोणते! त्याच आठवड्यांत मुंबई दंगलीनें पेटलेली होती.

येथवर विचार सोपा आहे. आमची अडचण पुढेंच सुरू होते. त्यापूर्वीं कित्येक वर्षें कोंकणच्या किनाऱ्यावर चोरटें सोनें, चांदी, घड्याळें उतरत आलीं. ज्या अंमलदारांनीं खरोखरच निव्वळ चांदी भरलेल्या गाड्या सोडिल्या, ते निवृत्त होऊन नातवंडांत रमले. ताडपत्री त्यांनींही उचलली नव्हती. कृतींत तिळभर फरक नाहीं. फरक पडला तो मालांत, आणि माल तर कोणींच पाहिला नव्हता! कायद्यास परिणाम मोजावा लागतो, तें योग्यच. जीं माणसें गेलीं त्यांच्या घरच्यांस दुसरें काय सांगावें? परंतु विवेकाच्या तराजूंत या दोघांस निरनिराळ्या पारड्यांत कसें घालावें, हें आम्हांस उमगत नाहीं.

आणि सोडिलेला माल जात तरी कोठें होता? आमच्या घरीं एक परदेशी घड्याळ होतें. कोणा ओळखीच्या गृहस्थानें तें निम्म्या किंमतींत आणून दिलें होतें. कोठून आलें, हें वडिलांनीं विचारलें नाहीं, आणि वडील तर दुधांत पाणी आढळलें तर गवळ्यास दारांतून परत लावणारे! आम्ही परीक्षेस जातांना तें मोठ्या दिमाखानें मनगटावर बांधीत असूं. फौजदारांस जन्मठेप झाल्याचें वर्तमानपत्रांत वाचलें त्या दिवशीं घरांत सर्वांनीं "बरें झालें" म्हटलें, आम्हींही म्हटलें. घड्याळाची गोष्ट त्या वेळीं कोणाच्याच मनांत आली नाहीं. ती आली परवां, कोलाडच्या नाक्यावर.