भेग बुजवलीस, कारण शोधलंस का?

मान वर कर आणि नीट ऐक.

पंचवटीतल्या काकूंच्या ओट्याची भेग तू पांढऱ्या सिमेंटने लिंपलीस, वरून काळा रंग फासलास आणि पैसे घेऊन मोकळा झालास. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, धूळफेक म्हणतात. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या बारीक फटीत सिमेंट धरत नाही. उद्या त्याचे पोपडे निघतील, फटीत खरकटं पाणी मुरेल आणि त्याच ओट्यावर काकू पोळ्या लाटतील.

भेग कुठून गेली होती? सिंकच्या कोपऱ्यातून थेट पुढच्या काठापर्यंत. तिथे दगडाची जेमतेम चार बोटं पट्टी उरते. कोपरा काटकोनात कापला की सगळा ताण तिथेच एकवटतो. म्हणून आधी कोपऱ्यात गोल भोक पाडायचं आणि काप त्या भोकाशी थांबवायचा, हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. ओट्याखाली वाकून पाहिलंस? आधार हलला आहे का, चाचपलंस? खाली पोकळी असेल तर वर काहीही भर, दगड पुन्हा तडकणारच.

वर तोंड करून म्हणतोस, काळा दगड सगळा सारखाच! नाशिकमध्ये राहून असं बोलवतं तरी कसं? पांडवलेणी कोरली तो आपला बेसॉल्ट, काळाराम मंदिराचा दगडही तोच. ओट्यावरचं ग्रॅनाइट बहुतेक बाहेरच्या राज्यांतून येतं. आणि कडप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबाच्या रसानेही त्यावर डाग चरतो. त्यावर ॲसिड ओतशील तर ओटा कायमचा बिघडेल. दगड ओळखल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही.

आता काम ऐक. आधी खालचा आधार पक्का कर. भरलेलं सगळं खरवडून काढ. फट ॲसिटोनने पूस, पूर्ण वाळू दे. दोन्ही कडांना चिकटपट्टी लाव. इपॉक्सीचे दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणातच घ्यायचे, अंदाजपंचे नाही. त्यात दगडाच्या रंगाची पूड कालव, फट काठोकाठ भर आणि पाकिटावर लिहिलेला वेळ होईपर्यंत हात लावू नकोस. मग ब्लेड आडवं धरून वरचा थर तास. भेग तरीही दिसेल, ते काकूंना आधीच सांग.

शेवटचं सांगतो ते सर्वांत गंभीर आहे. तोंडाला रुमाल बांधून, बंद स्वयंपाकघरात कोरडं ग्राइंडर चालवलंस. त्या धुळीत सिलिका असते. ती रुमालातून आरपार जाते, फुप्फुसात रुतते आणि सिलिकोसिस जडतो. त्यावर बरं करणारं औषध नाही. शेजारच्या खोलीत लेकरू झोपलं होतं, हे तूच सांगितलंस. लाज वाटायला हवी! यापुढे दगड कापायचा तो उघड्यावर, पाण्याच्या कटरने आणि धुळीचा मास्क लावूनच.

तुझा हात चांगला आहे, म्हणूनच इतका बोलतोय. उद्या सकाळी काकूंकडे जा, पैसे परत कर, चूक कबूल कर आणि त्यांनी हो म्हटलं तर काम फुकट नव्याने कर. संध्याकाळी मी येऊन ओट्याखाली वाकून बघणार आहे.