वजनाचा काटा आणि मोडलेला कान

खान्देशातल्या शिंदखेड्याच्या आसपासच्या गावांत जत्रेत दुपार कलली की कुस्त्यांची दंगल सुरू होते. नांगरून मऊ केलेलं वावर, पाणी शिंपडून बसवलेली धूळ, गोल बसलेली माणसं आणि कडेला ढोल. तिथे वजनकाटा नसतो. फेटा बांधलेले पंच एखाद्या पोराचा हात धरून त्याला रिंगणात फिरवतात, बोली पुकारतात, कडेतून दुसरा उठतो आणि जोड ठरते. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या पंचांची रीत मला लहानपणापासून आठवते. ते आधी पोराच्या खांद्यावरून हात फिरवत, पोटऱ्या पाहत आणि शेवटी कानाची पाळी दोन बोटांत धरून चाचपत. कान मऊ आणि अखंड असला तर पोरगं नवखं. कान मोडून त्याची गाठ झाली असली तर त्यानं तालमीच्या मातीत वर्षं काढलेली. एकदा एका धिप्पाड पोराकडे पाहून ते म्हणाले होते, "आंगमा वजन शे, पन कान कोरा शे." आणि त्याच्यासमोर त्यांनी उभा केला एक काटकुळा, मोडक्या कानाचा गडी. कुस्ती बराच वेळ चालली आणि काटकुळ्यानं पाठीवर जाऊन ती निकाली केली.

वेगवेगळ्या वजनांच्या लढवय्यांत थोर कोण, यावर जगभर मोठ्या हिरिरीनं वाद घातला जातो. बॉक्सिंगमध्ये तर त्यासाठी खास शब्दच रूढ झाला आहे, 'पाउंड फॉर पाउंड'. म्हणजे वजनाचा फरक पुसून टाकला तर सर्वांत सरस कोण? हा शब्द ज्या एका नावाला कायमचा चिकटला ते नाव शुगर रे रॉबिन्सनचं. मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची खरी रीत त्या पंचांच्या बोटांत होती. आणि ही रीत आपण कुस्तीत सोडून दिली, याची किंमत महाराष्ट्र सत्तर वर्षांहून अधिक काळ मोजतो आहे.

आधी रॉबिन्सनकडे पाहू. त्याचा मूळ वजनगट १४७ पौंडांचा, म्हणजे साधारण ६७ किलोंचा. त्या गटात तो जगज्जेता झाला, मग वरच्या, १६० पौंडांच्या गटाचं जगज्जेतेपद त्यानं पाच वेळा मिळवलं. जेक लामोटा हा त्याच्याहून जड आणि दगडासारखा मुष्टियोद्धा. दोघांच्या सहा लढती झाल्या, त्यांतल्या पाच रॉबिन्सननं जिंकल्या. १९५२ च्या २५ जूनला तो आणखी एक पायरी वर चढला. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये समोर होता जोई मॅक्सिम, वजनानं सुमारे सात किलो जास्त. त्या रात्री असा उकाडा होता की दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीन यांनाच रिंगण सोडावं लागलं, दुसरा पंच आणावा लागला. गुणांवर रॉबिन्सन पुढे होता. पण तेराव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठू शकला नाही. आमच्याकडे मे महिन्यात वावरात उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. जड अंगाचं ओझं तासभर रेटताना हलक्या अंगातलं पाणी आधी संपतं. डावपेचात हरलेला नव्हता तो. वजनाचा काटा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे त्या एका रात्रीत दिसलं.

त्याच उन्हाळ्यात, चारच आठवड्यांनी, २३ जुलै १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबा दादासाहेब जाधव यांनी ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९४८ ला लंडनमध्ये त्याहूनही हलक्या गटात ते सहावे आले होते, तेही मॅटची पुरती ओळख नसताना. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून त्यांना सात हजार रुपये दिले. तिथे जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर पुरती विश्रांती न देता त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं, आणि हरकत घ्यायला भारतीय पथकातला कुणी जागेवर नव्हता. इशीनं सुवर्ण घेतलं, मामेदबेकोवनं रौप्य. म्हणजे खाशाबा हरले ते फक्त त्या गटातल्या जगातल्या सर्वश्रेष्ठ दोघांशी.

परतल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे ते पोलीस खात्यात लागले, १९८४ ला रस्ता अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर. 'हिंद केसरी' किंवा 'महाराष्ट्र केसरी' ही बिरुदं त्यांच्या नावापुढे नाहीत, आणि ५७ किलोच्या माणसाला ती मिळणं शक्यही नव्हतं. त्यामुळे आपल्या गावोगावच्या तालमींत, जिथे केसरींच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या असतात, तिथे खाशाबांची तसबीर अनेकदा कोपऱ्यात असते. आदर आहे. पण 'सर्वांत मोठा पैलवान कोण' असं विचारलं की जीभ आपोआप जड नावांकडे वळते.

इथे एक हिशेब मांडतो. खाशाबांपासून २०२४ पर्यंत भारतानं ऑलिंपिक कुस्तीत आठ पदकं मिळवली. खाशाबा ५७ किलो. सुशील कुमार ६६ किलो, दोनदा. योगेश्वर दत्त ६० किलो. साक्षी मलिक ५८ किलो. रवी दहिया ५७ किलो. बजरंग पुनिया ६५ किलो. अमन सेहरावत पुन्हा ५७ किलो. आठही पदकं ६६ किलोंच्या आतली. जड गटात एकही नाही. आणि महाराष्ट्राचं? एकच, १९५२ चं. त्यानंतर मराठी माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, आणि २०२४ ला स्वप्नील कुसाळे यांनी ते आणलं ते बंदुकीनं.

आता आपल्या मानाच्या कुस्तीकडे पाहा. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू आहे. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता यांच्यात शेवटची लढत होते आणि चांदीची गदा एकाच्या खांद्यावर जाते. ही गदा ८६ ते १२५ किलोंच्या गटाची. त्याच अधिवेशनात ५७, ६१, ६५, ७० किलोंच्या कुस्त्याही होतात, पण त्यांतला विजेता कोण हे दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याच्या चहाच्या टपरीवर कुणाला ठाऊक नसतं. ज्या वजनात भारतानं जग जिंकलं त्या वजनाला आपल्याकडे गदा नाही, आणि ज्या वजनाला गदा आहे त्यात ऑलिंपिकचं पदक नाही. वजनाच्या क्रमवारीची ही चूक माझ्या मते साधी नाही.

मी जड कुस्तीचा अनादर करत नाही. खान्देशाला तर तिच्याबद्दल रास्त अभिमान आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. कुस्ती म्हणजे कोल्हापूर, सांगली, पुणे, असं मानणाऱ्यांना त्यांनी दिलेलं ते उत्तर होतं. त्यांच्या आधी, २०११ ते २०१३, असाच तिहेरी मान नरसिंग यादव यांनी मिळवला होता. दोघांची नावं गदेच्या यादीत सारखीच दिसतात. पण नरसिंग हे आंतरराष्ट्रीय आखाड्यात ७४ किलोंचे मल्ल. त्या गटात २०१५ ला त्यांनी जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं, आणि राज्यात स्वतःच्या वजनाबाहेर जाऊन जडांमध्ये केसरी झाले. पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात त्यांच्यावर चार वर्षांची बंदी आली, हेही त्यांच्या खात्यात धरावं लागेल. तरी मला म्हणायचं आहे ते एवढंच, की गदा दोघांची सारखी असली तरी त्या गदेमागचं अंतर सारखं नाही. यादी ते अंतर दाखवत नाही. पंचांची बोटं दाखवतात.

मग हे अंतर मोजायचं कसं? वजन उचलण्याच्या खेळात ते आकड्यात मांडता येतं. १९८८ ला सोलमध्ये ६० किलोंच्या नईम सुलेमानोग्लूनं १९० किलो डोक्यावर नेले, स्वतःच्या तिपटीहून जास्त. लोखंड कुणासाठीही जड किंवा हलकं होत नाही, म्हणून तिथे भागाकार चालतो. कुस्तीत आणि बॉक्सिंगमध्ये समोर लोखंड नसतं, माणूस असतो. तेव्हा माप एकच उरतं, समोर कोण होता. आपल्या वजनातले जगातले सर्वोत्तम त्यानं गाठले का, वजनाची रेघ ओलांडून तो किती वर गेला, किती वर्षं टिकला, आणि हे सारं करताना त्याच्या पाठीशी काय होतं.

या मापानं बॉक्सिंगमध्ये मी रॉबिन्सनला पहिला मानतो. दुसरा हेन्री आर्मस्ट्राँग. १९३७-३८ मध्ये दहा-अकरा महिन्यांत त्यानं तीन वेगवेगळ्या वजनांची जगज्जेतेपदं घेतली आणि एकाच वेळी सांभाळली, तीही जेव्हा बॉक्सिंगमध्ये गटच आठ होते. आज ते दुपटीहून जास्त आहेत, त्यामुळे आजचं एक पद त्या काळच्या पदाहून स्वस्त झालं आहे. मुहम्मद अलीला मी तिसरा ठेवतो. सर्वांत वरच्या गटातल्या माणसाला वर चढायला जागाच नसते, म्हणून त्याचं माप फक्त प्रतिस्पर्ध्यांवरून घ्यावं लागतं, आणि लिस्टन, फ्रेझर, फोरमन या तिघांना हरवणाऱ्याला त्या मापात कमी लेखता येत नाही. आणि आपली मेरी कोम. ४५, ४६, ४८ किलोंत तिनं जग जिंकलं, पण २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत खालचा गटच ५१ किलोंचा होता. तिनं वजन वाढवलं, आपल्याहून उंच, रुंद मुलींशी लढली आणि कांस्य आणलं. ते पदक कांस्याचं असलं तरी त्यात चढलेली पायरी सुवर्णाची आहे.

मराठी कुस्तीत याच मापानं खाशाबा पहिले येतात, आणि माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही. त्यांच्यानंतर गणपतराव आंदळकर आणि मारुती माने. दोघेही जड, दोघेही हिंद केसरी, पण मी त्यांना त्या बिरुदासाठी इथे ठेवत नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य घेतलं, दोन वेगळ्या शैलींत, परक्या देशात, मातीबाहेरच्या मॅटवर. आणि आजच्यांत २०१९ ला ६१ किलो गटात जागतिक कांस्य मिळवणारे बीडचे राहुल आवारे मला अनेक केसरींच्या वर दिसतात.

यावर आमच्याकडचे जाणते एक आक्षेप घेतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, मातीत शेवटी जो उभा राहतो तो मोठा. खाशाबा आणि आंदळकर यांची कुस्ती लावली असती तर काय झालं असतं? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेच उत्तर घेऊन पुढे गेलं तर बैल सगळ्यांत मोठा पैलवान ठरेल. अंग हे जन्माचं आणि खुराकाचं देणं आहे. कौशल्य, दम आणि जिगर ही माणसाची कमाई. थोरवीची यादी करायची तर ती कमाईची करावी. वजनगट निघाले ते हलक्यांवर दया म्हणून नाही. कमाई स्वच्छ दिसावी म्हणून निघाले. ती रेघ किती कठोर असते हे आपण २०२४ ला पॅरिसमध्ये पाहिलं. ५० किलोंच्या अंतिम फेरीत पोचलेल्या विनेश फोगाटला १०० ग्रॅमनी बाहेर काढलं. रेघ न्यायासाठी लागते. पण रेघेच्या कोणत्या बाजूला माणूस उभा आहे त्यावरून त्याची उंची ठरवणं हा न्याय नाही.

हा वाद मला जिव्हारी लागतो तो आमच्या पोरांमुळे. तापी आणि बुराईच्या काठच्या गावांत घरी ज्वारी-बाजरीची भाकरी, कपाशीवर बेतलेलं वर्ष. सव्वाशे किलोंचा पैलवान उभा करायचा तर दूध, तूप, बदाम यांचा खुराक वर्षानुवर्षं लागतो. तो खर्च ज्या घराला झेपत नाही त्या घरातलं पोरगं पंधराव्या-सोळाव्या वर्षी वजन वाढत नाही म्हणून तालीम सोडतं. त्याचं अंग ५७ किलोंचं असतं, म्हणजे अमन सेहरावतचं, रवी दहियाचं, खाशाबांचं. त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांना आपण थोर म्हणतो त्यांच्यासारखं होण्यासाठी पोरं धडपडतात. यादीत फक्त जड माणसं असतील तर हलकं पोरगं स्वतःला आधीच हरलेलं समजतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गदा प्रत्येक वजनाला असावी, आणि ते होईपर्यंत गावच्या दंगलीनं सुरुवात करावी. आमच्या जत्रेत शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती दर वर्षी जडांची लागते. एक वर्षाआड ती साठ किलोंच्या आतल्या जोडीची लावावी. बोली तीच, ढोल तेच, सूर्य कलतानाची वेळ तीच. पंचांनी दोघांचे हात धरून रिंगणात फिरवावं आणि जोड पक्की करताना लोकांना दिसेल असे दोघांचे कान चाचपावेत.