फुकट शिकलेल्याचे देणे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. आमच्या कर्जतला पडतो तसा पाऊस कोसळत होता आणि मी वह्या तपाशीत बसलो होतो. इतक्यात खोपोलीच्या बाजारातले एक मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. जळालेल्या मोटारी भरून देण्यात या गृहस्थांची तीस वर्षे गेली आहेत. छत्री मिटता मिटताच ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या विद्यार्थ्याचा न्याय करा!"

हा विद्यार्थी चौक बाजूच्या एका वाडीतला. दहावीनंतर पैशाअभावी त्याची शाळा संपली, तेव्हा मीच त्याला मिस्त्रींच्या हवाली केला होता. मिस्त्रींनी त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही. जळालेली तार सोडवताना वेढे कसे मोजायचे, ती किती गेजची आहे हे कसे ओळखायचे, नवी तार भरून वार्निश कसे द्यायचे, हे सारे त्यांनी त्याला हाताला धरून शिकवले. आणि आता हा पठ्ठ्या त्यांच्याच दुकानासमोर गाळा घ्यायला निघाला होता!

मिस्त्रींना चहा दिला, समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावले. तो मान खाली घालून उभा राहिला. पण बोलला मात्र स्पष्ट. "सर, दोन वर्षे मी दुकान झाडले, चहा आणला, मोटारी उचलून पाठ मोडली. हातावर चहापाण्यापलीकडे काही पडले नाही. मग फुकट शिकला कोण आणि फुकट राबला कोण, तुम्हीच सांगा."

वाचकहो, मॅट्रिकपुढे मी काही शिकलो नाही. पण शाळेत पोरांची भांडणे सोडवण्यात निम्मे आयुष्य गेले आहे. तरीही या प्रश्नापुढे माझी मती गुंग झाली. कारण दोघेही खरे बोलत होते.

विद्या दिल्याने वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरेही आहे. आमच्याच तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एक नवी रीत बसवली. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही; कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने भोके पाडायची आणि त्यांत बी टाकायचे. ही सगुणा रीत त्यांनी स्वतःपाशी दडवून ठेवली नाही. शिवारात नेऊन शेतकऱ्यांना दाखवली. शेजाऱ्याच्या शेतात भात चांगले आले म्हणून आपल्या शेतातली एक लोंबीही कमी होत नाही. तिथे विद्या देणे सोपे आहे, असे नव्हे. पण ती देऊन माणूस उपाशी मरत नाही.

मिस्त्रींचे तसे नाही. बाजारात जळणाऱ्या मोटारी ठरावीक. त्यांतली एक समोरच्या गाळ्यात गेली की यांच्या चुलीवरची एक भाकरी कमी झाली. म्हणजे शास्त्र शिकवणारा फक्त वेळ देतो. हुन्नर शिकवणारा आपले उद्याचे गिऱ्हाईकसुद्धा देतो. माझ्यासारख्या पगारी मास्तराने विद्यादानाच्या गोष्टी सांगाव्यात आणि मिस्त्रीने ते दान खरोखर करावे, यांत केवढे अंतर आहे!

मग मी 'फुकट' या शब्दाकडेच नीट पाहू लागलो. देशभर कारागिरांच्या शिक्षणाची सरकारी योजना 1950 साली निघाली. त्यातून आजच्या आय. टी. आय. उभ्या राहिल्या. तिथली फी थोडी असते, कुणाला माफही होते. पण उरलेला पैसा कुणी तरी भरतोच. वाडीवरची म्हातारी बाजारात साबणाची वडी घेते, तेव्हा त्या वडीवरच्या करातला एखादा पैसा कुणाच्या तरी पोराच्या कानशीला-हातोड्याला जातो. तिला ते ठाऊक नसते, पोरालाही नसते. मोबाइलवर जगातला कोणी कारागीर आपले कसब उलगडून दाखवतो. त्यालाही ते कुणी तरी शिकवलेच होते.

आणि शिकणाऱ्यालाही काही पडतेच. फी माफ होते, दिवस माफ होत नाही. डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली मुलगी शिवणाच्या मोफत वर्गाला कर्जतला यायची, तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे वर जाते. ती चार दिवस येऊन पाचव्या दिवशी आली नाही, की आपण शहाणे म्हणतो, "फुकट मिळाले ना, म्हणून किंमत नाही!" किंमत तिने चार दिवस मोजलेली असते, आपल्याला ती दिसत नाही, इतकेच.

सारांश काय, फुकट असे काही नसतेच. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने कारखान्यापुरता हा हिशेब कागदावर आणला आणि उमेदवाराला विद्यावेतन ठरवून दिले. पण बाजारातल्या लहान दुकानाच्या पायरीपर्यंत तो कायदा पोचत नाही. तिथे उरते ती माणसांची नीती.

आपल्या जुन्या कथांत या नीतीची एक भयंकर गोष्ट आहे. एकलव्याला गुरूने काहीच शिकवले नव्हते. तरी दक्षिणेत त्याचा अंगठा गेला. आपण त्याच्या गुरुभक्तीचे कौतुक करतो. मला मात्र ती गोष्ट मुलांना सांगताना दरवेळी अडखळायला होते. जी दक्षिणा शिकलेली विद्याच संपवते, ती कसली दक्षिणा? या मुलाने दुकानच काढू नये असे म्हणणे, म्हणजे त्याचा अंगठा मागणेच होते.

मग त्याचे काही देणेच नाही का? इथे मला भाई कोतवाल आठवले. 1912 साली माथेरानला एका गरीब नाभिकाच्या घरी जन्मलेला हा मुलगा वकील झाला आणि पुन्हा याच डोंगरातल्या शेतकऱ्यांत येऊन राहिला. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह त्यांना वीरमरण आले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी खेड्यांत शाळा काढल्या आणि सावकाराच्या पाशातून कुळे सुटावीत म्हणून धान्यकोठ्या उभारल्या, हे तितकेसे आठवले जात नाही. धान्यकोठीचा न्याय साधा असतो. पावसाळ्यात नड असेल तेव्हा न्यावे आणि सुगीला परत आणून घालावे. परत घातलेला दाणा ज्याचा होता त्यालाच मिळतो असे नाही. पुढच्या पावसाळ्यात ज्याची चूल विझेल, त्याला मिळतो. कोठी रिकामी राहू द्यायची नाही, एवढेच देणे.

मी मुलाला म्हटले, "दुकान काढ, तो तुझा हक्क आहे. पण गुरूच्या दारासमोर नको, आणि त्यांना सांगितल्यावाचून नको. दुसरे, तुझ्याकडे पोर शिकायला येईल तेव्हा त्याच्या हातावर रोजचे काही ठेव. तुला जे मिळाले ते दे, आणि जे मिळाले नाही तेही दे."

हे बोललो खरा. पण रात्री झोप येईना. मी लहान असताना गावच्या वाचनालयातले ग्रंथपाल मला अनामत रकमेशिवाय पुस्तके नेऊ देत. पावसाळाभर मी वाचीत असे. आज चार कादंबऱ्या नावावर आहेत, त्या त्या पुस्तकांच्या पुण्याईवर. त्यांतले एक पुस्तक माझ्या कपाटात अजून आहे, परत न केलेले. ग्रंथपाल आता हयात नाहीत. मुलाला धान्यकोठी सांगणाऱ्या मास्तराने स्वतः किती पायल्या परत घातल्या? तेव्हापासून दर रविवारी ओटीवर वाडीतली चार पोरे बसवतो आणि पुस्तके घरी नेऊ देतो. दोन पुस्तके परत आलेली नाहीत. मी विचारीत नाही.

दसऱ्याला त्या मुलाने खालापूरच्या बाजूला गाळा उघडला. हाताखाली एक कातकरी पोरगा आहे. त्याला रोज देतो. मिस्त्री अजून त्याच्याशी बोलत नाहीत. पण अलीकडे त्यांची नजर अधू झाली आहे, आणि बारीक तारेच्या मोटारी ते एका हमालाबरोबर मुकाट्याने त्याच्याकडे पाठवतात. तो त्या भरून परत पाठवतो. पैसे घेत नाही, असे ऐकतो.

आज घरोघर चकलीच्या सोऱ्याभोवती लेकीसुना बसल्या असतील. भाजणीचे प्रमाण कुणी कुणाला शिकवले, याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही. पुढच्या पोरीच्या हाती सोऱ्या दिला की तो फिटतो.